ओढ्यात भरलेली घरं

नाना, तुमच्या घरी मी पोचले तेव्हा अंगणातल्या सतरंज्या झटकून घड्या घालणं चाललं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सकाळीच आटोपला होता. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी तुमचा फोटो मांडला होता. आधार कार्डावरून मोठा केलेला, म्हणून तुम्ही कुणावर तरी चिडल्यासारखे दिसत होता. मला उशीर झाला, नाना. कोकणात ज्या डोंगरात माझं काम चाललंय तिथं फोन लागत नाही. तुमच्या मिलिंदनं सात वेळा फोन केला होता. मी खाली बाजारात उतरले आणि ते सातही एकदम मोबाईलवर दिसले. सात वेळा कुणी बरी बातमी सांगायला फोन करत नाही. परत फोन लावायच्या आधीच मला कळलं होतं.

सोलापूरला उमरग्याच्या एसटीत बसले आणि मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला लागले. ते बोलणं काही संपेना. म्हणून लिहायला घेतलंय.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. तुम्ही ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसला होता. मी जीपमधून उतरले, तर माझ्या मागं बघत तुम्ही विचारलंत, "साहेब कुठं हायेत?"

मी म्हटलं, "मीच आहे."

तुम्ही मला खालपासून वरपर्यंत एकदा बघितलंत. "बरं," म्हणालात, "कुठल्या गावच्या?"

"परंड्याची."

"मग आपल्याच की." आणि माझ्या हातातली पेटी तुम्ही घेतलीत.

तुमच्या गावात तेव्हा एकच विषय होता. सास्तूरच्या अलीकडं, तुमच्या शिवारात एका नव्या बोअरला कोमट पाणी लागलं होतं. कुणी तिथं हळदकुंकू वाहून आलं होतं, कुणी नारळ फोडला होता. पण बहुतेक माणसं घाबरलेली होती. त्र्याण्णवचा भूकंप ज्यांनी अंगावर घेतला, त्यांना जमिनीतून गरम पाणी येतं म्हटल्यावर झोप कशी लागावी? आमच्या संस्थेचा हिशोब निराळा होता. खाली खोलवर खडक फुटलेला असेल आणि त्या फटींतून गरम पाणी फिरत असेल, तर त्या उष्णतेचा उपयोग करता येतो. तसं काही आहे का, हे बघायला मला पाठवलं होतं. माझं हे पहिलंच स्वतंत्र काम. मला ते गरम पाणी हवं होतं, नाना. आज कबूल करते, फार हवं होतं.

काम सांगायला सोपं. जमिनीवर लोखंडी पत्रा ठेवायचा आणि त्यावर घण मारायचा. त्या दणक्याची लहर खाली जाते, खडकावरून परत येते, आणि ओळीत रोवलेले जिओफोन ती कधी पोचली ते टिपतात. कडक खडकातून लहर पळत येते, भुसभुशीत मातीतून रखडत. त्या वेळांवरून खाली काय आहे ते आम्ही काढतो. घण मारायला आम्ही तुम्हाला घेतलं, आणि जिओफोनला तुम्ही पहिल्या दिवशीच 'खुटी' म्हणालात. आठवड्याभरात आमचा सगळा गट खुटीच म्हणायला लागला.

एप्रिल महिना होता. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. माझ्या खुट्या त्या ढेकळांत डुगडुगत होत्या आणि यंत्रात नुसती खरखर येत होती. मी वायरी तपासत बसले. तुम्ही थोडा वेळ ते बघितलंत, मग खुरपं घेऊन एका खुटीजवळ बसलात. वरची वाळकी माती हातभर बाजूला केलीत, खाली ओल लागली तिथं खुटी रोवलीत आणि तळव्यानं माती दाबलीत.

"आता मारा घण."

खरखर गेली. मी तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही पुढच्या खुटीकडं निघाला होता. "हालत्या खुटीला काय ऐकू येनार, म्याडम?" एवढंच म्हणालात.

तुम्ही तरुणपणी विहिरी खोदल्या होत्या. दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना तुम्ही मला तुमची जमीन सांगायचात. आधी काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, तो कुदळीला येतो, आणि त्याच्या खाली काळा पाषाण, त्याला सुरुंगच लागतो. मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं. पण मांजऱ्यात पहार मारली की आवाज 'पोटातून' येतो, हे कुठल्या पुस्तकात असणार? तुमच्या डब्यातली तिळाची चटणी मी रोज संपवायचे. दुसऱ्या आठवड्यात नानींनी माझा वेगळा डबा धाडायला सुरुवात केली. त्यावर तुम्ही म्हणालात, "बरं झालं. माझी चटनी वाचली."

मग आपण जुन्या गावठाणापासून नव्या गावापर्यंत खुट्यांची लांब रेघ घेतली. भूकंपानंतर नवं गाव वसलं ते माळावर. जुनं खाली तसंच राहिलं, बाभळी आणि घाणेरी माजलेलं. त्या दिवशी तुम्ही घण दुसऱ्याच्या हातात दिलात आणि लांब जाऊन उभे राहिलात. मला वाटलं, दमलात.

संध्याकाळी आकडे बघितले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासले. रेघेच्या मधल्या भागात लहरी उशिरा पोचत होत्या. सगळ्या सरळ येतायत आणि तिथं येऊन एकदम मागं पडतायत. याचा मी एकच अर्थ लावला, खाली खोलवर खडक फुटलेला आहे. मी सरांना फोन केला. आमचे प्रकल्पप्रमुख कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. ते म्हणाले, "शाब्बास. मोठा बोअर तिथंच घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत सरपंचांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. "गावाच्या कडेला, खाली, खडक फुटलेला दिसतोय." मला त्यात शोध दिसत होता. ऐकणाऱ्यांना त्र्याण्णवची पहाट दिसली. दुपारपर्यंत ते वाक्य गावभर झालं. संध्याकाळी मी जीपकडं जाताना बघितलं, तर घराघरांतून झोपायच्या बाजा बाहेर निघत होत्या. एक म्हातारी गोधडी आणि पाण्याची घागर घेऊन शेताकडं चालली होती. तिची सून दोन लेकरांना घेऊन माहेरच्या एसटीची वाट बघत उभी होती. मी मान खाली घालून जीपमध्ये बसले.

तुम्ही सकाळी माझ्याआधी येऊन उभे होता. रागावलेले तुम्ही मला पहिल्यांदा दिसलात.

"म्याडम, तुमी खालचं बघता. वरचं बगितलंच न्हाय."

"म्हणजे काय?"

"तितं खडक फुटलेला न्हाय. तितली वरची जमीनच येगळी हाय."

"वर सगळीकडं काळी माती आहे, नाना. मी बघितलीय."

"दिसती काळी. पर न्हाय."

तेव्हा मी जे बोलले ते तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. मी म्हणाले, "नाना, तुमचं काम घण मारायचं. आकडे वाचायचं काम माझं आहे."

गटातली सगळी माणसं ऐकत होती. तुम्ही डोक्याचा रुमाल सोडलात, झटकलात, परत बांधलात. "व्हय," म्हणालात, आणि घराकडं चालू लागलात.

दोन दिवस तुम्ही आला नाहीत. खुट्या डुगडुगायला लागल्या. मी चिडले, मग मला लाज वाटली, मग त्या लाजेचाच राग आला. माणूस कुणाला तरी दुखावतो आणि मग त्याच्याचवर रुसून बसतो, तसं माझं झालं होतं. तुमच्या दारापर्यंत एकदा आले होते, नाना. आत शिरले नाही. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी रेघेवर पोचले, तर तुम्ही कमरेएवढ्या खड्ड्यात उभे होता. कुदळ, फावडं, पहार, सगळं घरून आणलं होतंत. नेमकी तीच जागा, जिथं माझ्या लहरी मागं पडत होत्या.

मी काठावर आले. तुम्ही वर न बघता म्हणालात, "सर मागं, पोरी. कड ढासळंल."

तुम्ही मला कायम म्याडम आणि तुमी म्हणत आलात. तेवढं एकदाच तसं बोललात. मी मागं सरले.

वर वीतभर काळी माती होती, नंतर कुणी तरी आणून पसरलेली. तिच्या खाली मुरूम नव्हता की मांजऱ्या नव्हता. पांढरी माती, घराच्या भिंतीतली. तिच्यात घडीव दगड आडवेतिडवे, मध्ये पोकळ्या. माळवदाच्या कुजलेल्या लाकडाचे तुकडे. जात्याची अर्धी तळी. तुम्ही एकेक दगड उचलून काठावर नीट ठेवत होता, फेकत नव्हता.

"हितं ओढा व्हता," तुम्ही म्हणालात. "दोन पुरुष खोल. भूकंप झाल्यावर नव्या गावाला रस्ता पायजे व्हता. मग पडलेल्या घरांचा सगळा मलबा ह्याच्यात लोटला. म्या व्हतो की कामाला. ट्रॉल्या भरायला."

मी विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

तुम्ही पहारीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिलात. मग म्हणालात, "माझं घर बी ह्याच्यातच हाय कुठंतरी. म्याच भरलं. पोरीला आदीच काडलं व्हतं बाहेर. चार दिवसांनी घर भरलं ट्रॉलीत." पहार उचलत म्हणालात, "सांगायचं म्हणजी तितं जावं लागतं, म्याडम."

तुमची एक मुलगी भूकंपात गेली, एवढं मला गावात कुणीतरी सांगितलं होतं. त्याहून जास्त मी कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. मी खड्ड्यात उतरले आणि दगड वर द्यायला लागले. तुम्ही नको म्हणाला नाहीत.

दुपारी तुम्ही चुन्याच्या फक्कीची पाटी घेतलीत आणि ओढा जसा वाहायचा तसे चालत गेलात. इथं वळण, इथं धुण्याचा दगड, इथं बैल धुवायची जागा. तुमच्या मागं पांढरी रेघ पडत गेली. आता सपाट दिसणाऱ्या त्या रानात मला पहिल्यांदा ओढा दिसला. मग आपण तिथं हातहात अंतरावर खुट्या रोवल्या आणि घणाऐवजी लहान हातोडीनं नुसत्या वरच्या थराची मापं घेतली. चार दिवस लागले. हातोडी या वेळी तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाहीत.

उत्तर तुमचंच बरोबर होतं. त्या सैल भरावातून वर येताना लहरी रखडत होत्या. तो उशीर वरच्या थराचा होता आणि मी तो खालच्या खडकाच्या नावावर टाकला होता. भरावात गेलेला वेळ वजा केला आणि माझा फुटलेला खडक नाहीसा झाला. खाली काळा पाषाण एकसंध, सपाट पसरलेला. गरम पाण्याच्या शोधात आम्ही लोक फटीच हुडकत असतो, म्हणून अशी चूक आम्हाला चूक वाटत नाही, लॉटरी वाटते. आणि बोअरचं पाणी कोमट होतं कारण बोअर खोल होता. खोलातलं पाणी थोडं उबदार असतंच. त्याहून जास्त तिथं काही नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे प्रकल्प संपला." मी म्हटलं, "हो."

ग्रामसभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी चुकले होते. खाली खडक शाबूत आहे. घरात झोपा." ओढ्याचा भराव, लहरींचा उशीर, सगळं समजावून सांगितलं. मागून एक बाई म्हणाल्या, "मग आमची घरंच मधी आडवी आली म्हना की." कुणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले, आणि दोन-तीन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. तुम्ही शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसला होता, मान खाली. त्या संध्याकाळी बाजा आत गेल्या. मी मुद्दाम गावातून एक चक्कर मारून बघितलं.

यानंतर आपलं ते भांडण सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. अहवालात मला तुमचं नाव घालायचं होतं. भरावाची हद्द श्री. लिंबाजी यांनी दाखवली, असं स्वच्छ वाक्य. तुम्ही साफ नको म्हणालात. मला वाटलं, विनय. मी हटून बसले. मग तुम्ही म्हणालात, "ज्यांची घरं तितं हायेत त्या समद्यांची नावं घालनार हाव का? न्हाय ना? मग माझ्या एकल्याचं कशाला?"

शेवटी मी लिहिलं, 'स्थानिक माहितीच्या आधारे'. ते तीन शब्द आजही मला खुपतात. परवा सुद्धा बसमध्ये मी तुमच्याशी त्यावरूनच वाद घालत होते. तुमचं म्हणणं मला कळतं, पटत मात्र नाही. तुम्ही असता तर "ऱ्हाऊ द्या की आता," म्हणाला असता. तर राहू दे.

माफी मात्र मागायची राहिली, ती राहू देणार नाही. तुमचं काम घण मारायचं, असं मी चारचौघांत म्हणाले होते. ग्रामसभेत माझी चूक कबूल केली ती आकड्यांची. ही दुसरी चूक मी कुणापुढंच काढली नाही, तुमच्यापुढंही नाही. तुम्ही पुन्हा कामावर आलात, चटणीचा डबा पुढं केलात, आणि मला वाटलं, मिटलं. मिटवलं होतंत ते तुम्ही. मी नुसती त्यात बसले. चुकलं माझं, नाना.

पुढच्या वर्षी तुम्ही एकटे एसटीनं परंड्याला आलात. माझ्या आईनं विचारलं, कशापायी त्रास घेतलात? तर म्हणालात, "पोरगी कुनाची हाय ते बघावं म्हनलं." अण्णांनी तुम्हाला किल्ला दाखवायला नेलं. तुम्ही किल्ल्याच्या तोफा बघितल्याच नाहीत. बुरुजाचा पाया कशावर टेकलाय ते वाकून बघत राहिलात. अण्णा घरी येऊन मला म्हणाले, "तुझ्यासारखाच आहे तो माणूस." मला कुणी दिलेल्या शाबासकीत ही सगळ्यात मोठी.

आता मी कोकणात गरम पाण्याच्या कुंडांजवळ काम करते. तिथं खाली खरंच काहीतरी आहे. पण खुटी रोवण्याआधी मी गावातली म्हातारी माणसं शोधते आणि त्यांना विचारते, इथं आधी काय होतं? नवी मुलं हसतात. मग मी त्यांना तुमचा ओढा सांगते.

तुमचा शेवटचा फोन मार्चमध्ये आला. आवाजात दम लागत होता. तुम्ही म्हणालात, जरा सर्दी हाय. तो दमा होता आणि तुम्ही महिनोन् महिने लपवला होता, हे मला आता मिलिंदकडून कळलं. तुम्ही विचारलंत, "कोकनात जांभा दगुड लागतो म्हनं. त्यात खुटी बसती का?" मी बैठकीला निघाले होते. म्हणाले, "नाना, नंतर करते फोन." केला नाही.

बसते, नाना. पण नुसती ठोकून बसत नाही. आधी गिरमिटानं भोक पाडावं लागतं, मग त्यात ओली माती भरायची, आणि तुमच्यासारखी तळव्यानं दाबायची. मग तिला स्वच्छ ऐकू येतं.

परवा सगळे पाहुणे गेल्यावर नानी आणि मी चुलीपाशी बसलो होतो. त्यांनी चहा टाकला. मी त्यांना त्या खड्ड्याची गोष्ट सांगत होते, त्यांना माहीत नसेल असं समजून. त्या मध्येच म्हणाल्या, "मला ठावं हाय. त्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले, जेवाय बसले. आन् ताटावर बसून म्हनले, आपली सुनीता आस्ती तर ह्या म्याडमपेक्षा चार-दोन वर्सानं थोरली आस्ती."

नानींनी चहा गाळला. कप माझ्याकडं सरकवला.

"इतक्या वर्सांत त्यांनी तिचं नाव घेतलं न्हवतं, बाई. म्या बी घेत न्हवते, त्यांना तरास हुईल म्हनून. त्या दिवशी पयल्यांदा घेतलं. मग रोजच घ्यायला लागले. तिला गूळ आवडायचा, ती अशी पळायची, तशी रुसायची. तीन वर्सं आमी दोगं तिचंच बोलत बसायचो."

तिचं नाव सुनीता होतं, हे मला तुमच्या घरात, तुम्ही गेल्यावर कळलं. नानी मला तिच्याबद्दल अजून सांगत होत्या. दिवस कलेपर्यंत मी तिथंच बसून ऐकत होते.